रत्नागिरी दोन दिवसांत: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

मुंबईहून महामार्गाने येणारी बरीच मंडळी निवळी फाट्यावर उजवीकडे वळतात आणि थेट गणपतीपुळं गाठतात. दर्शन, किनाऱ्यावर एक फेरी, आंबापोळीचं एखादं पाकीट, की परतीचा रस्ता. रत्नागिरी शहर त्यांना लागतच नाही. ज्या गावात लोकमान्यांचा जन्म झाला आणि ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाने तीस वर्षं नजरकैदेत काढली, जिथे एका खाडीच्या दोन बाजूंना काळी आणि पांढरी अशी दोन रंगांची वाळू आहे, ते गाव असं वगळून जाणं हा मोठा तोटा आहे. आमचं सांगणं सरळ आहे: एक पूर्ण दिवस शहराला द्या आणि दुसरा दिवस पुळ्याच्या बाजूला. ठिकाणं तीच असली तरी ती कुठल्या वेळी पाहायची यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून खालचा क्रम शक्यतो मोडू नका.

आधी महिना ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा फिरण्यासाठी सर्वांत सुखाचा काळ. दुपारी ऊन असतं, पण सकाळ-संध्याकाळ हवा छान असते आणि मासे मुबलक मिळतात. मात्र या दिवसांत आंबा नसतो. फेब्रुवारीत बाजारात दिसणारी पहिली पेटी पाहून हुरळू नका. ती महाग असते आणि चवीला एप्रिलच्या फळाची सर नसते.

आंब्यासाठी यायचं तर एप्रिलचा पहिला आठवडा ते साधारण 15 मे. याच सुमारास ओले काजूगर संपत आलेले असतात, फणस आणि रातांबे (कोकमाची फळं) सुरू झालेले असतात. उकाडा मात्र भयंकर. घामाने कपडे अंगाला चिकटतात, म्हणून सुती आणि सैल कपडे आणा. मेच्या शेवटच्या आठवड्यातले वळिवाचे थेंब पडले की झाडावरचं फळ लवकर बिघडू लागतं, आणि पेटीत चार-सहा आंबे डागी निघण्याची शक्यता वाढते.

पावसाळ्यात वर्षभराचा 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस जवळजवळ चार महिन्यांत कोसळतो. सडे, म्हणजे कातळाची उघडी पठारं, हिरवेगार होतात, घाटात धबधबे लागतात आणि ते पाहायला जरूर यावं. पण समुद्रात उतरणं पूर्ण बंद समजा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. त्या काळात ताटात येणारा सुरमईचा तुकडा बहुधा बर्फातला असतो. तेव्हा खाडीचे मासे, कोळंबी किंवा सुकी मासळी मागवणं शहाणपणाचं.

गणपतीचे दिवस टाळा. चाकरमानी गावी येतात, गाड्या महिनाभर आधीच भरलेल्या असतात आणि पहिले पाच दिवस अनेक खाणावळींतली माणसं स्वतःच्या घरच्या गणपतीत असतात.

पोहोचायचं कसं

रेल्वे सगळ्यांत सोयीची. कोकण रेल्वेच्या बहुतेक महत्त्वाच्या गाड्या रत्नागिरीला थांबतात: कोकणकन्या, मांडवी, जनशताब्दी, तेजस, वंदे भारत. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. मेसाठी आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यासाठी पहिल्याच दिवशी तिकीट काढा. पावसाळ्यात या मार्गाचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात आणि सुटण्याच्या वेळाही बदलतात. उन्हाळ्यातली वेळ डोक्यात ठेवून स्टेशनवर जाणारे दरवर्षी गाडी चुकवतात.

स्टेशन शहरात नाही, कुवारबावच्या बाजूला आहे. तिथून मारुती मंदिर, जयस्तंभ किंवा मुख्य बसस्थानक सहा-सात किलोमीटर पडतं. बाहेर रिक्षा असतात. बसण्याआधी भाडं ठरवून घ्या आणि कुठे उतरायचं ते नाक्याच्या नावाने सांगा: मारुती मंदिर, साळवी स्टॉप, जयस्तंभ, राम आळी, मांडवी. या पाच नावांवर शहर सापडतं.

कोल्हापूरहून आंबा घाटाने सुमारे 130 किलोमीटर. मुंबईहून रस्त्याने सुमारे 340 किलोमीटर आहे, आणि महामार्गावर जिथे काम अपुरं आहे तिथे वेळ जातो. म्हणून पहाटे निघा. हातखंब्याला महामार्ग सोडायचा, तिथून शहर तेरा-चौदा किलोमीटर.

मुक्काम शहरातच करा. एकतर जेवणाला निवड मिळते, आणि दुसरं म्हणजे संध्याकाळचा मांडवी आणि सकाळचा मिरकरवाडा हे दोन्ही हाताशी येतात. पुळ्याला राहणाऱ्यांचे हे दोन्ही हुकतात.

भरतीची वेळ घरबसल्या काढा

किनाऱ्यावर जायचं तर कोकणातला साधा हिशेब शिकून घ्या. त्या दिवशीची तिथी पाहा, तिची पाऊणपट करा, येईल तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि रात्री तीनच्या सुमारास समुद्र पूर्ण भरलेला. अष्टमीला सहा. पौर्णिमा आणि अमावास्येला साधारण दुपारी बारा आणि मध्यरात्री. वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी संपते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला हे पुरतं.

याचा उपयोग असा. वाळूवर लांब चालायचं, मुलांना शंख-शिंपले वेचू द्यायचे तर ओहोटीच्या शेवटच्या दोन तासांत जा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, त्या दिवशी खडकांवर बसायला जाऊ नका. आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या: संकष्टीला पुळ्याला सगळ्यांत जास्त गर्दी असते, आणि चतुर्थीला पूर्ण भरती दुपारी तीनला. जेवून, दर्शन घेऊन माणसं नेमकी त्याच सुमारास पाण्यात शिरतात. तीननंतर पाणी उतरायला लागतं आणि लाट पायाखालची वाळू ओढत आत नेते. बुडण्याच्या घटना ज्या किनाऱ्यावर वारंवार घडतात, तिथे हा हिशेब माहीत असणं फार गरजेचं आहे.

पहिला दिवस, सकाळ: मिरकरवाडा आणि रत्नदुर्ग

सहा-साडेसहाला मिरकरवाडा बंदरावर पोहोचा. होड्या लागलेल्या असतात, टोपल्या उतरतात, बोली चालते. घाऊक बोलीत सामान्य ग्राहकाने पडू नये. बाजूला मासळी घेऊन बसलेल्या बायकांकडे वाटे लावलेले असतात, तिथे विचारा. जमीन बर्फाच्या पाण्याने आणि तेलकटपणाने निसरडी असते. रबरी चपला घाला, पांढरे बूट नकोत. हातगाडी येताना दिसली की आधी वाट द्या. फोटो काढण्याआधी विचारा. कामाच्या घाईत असलेल्या माणसासमोर मोबाईल धरून उभं राहणं कुणालाच आवडत नाही.

मासा विकत घ्यायचा असो वा नसो, तो ओळखायला इथेच शिका, कारण हॉटेलात याचाच उपयोग होतो. कल्ला उचलून पाहा: लालभडक हवा, तपकिरी झाला असेल तर शिळा. डोळा फुगलेला आणि चकचकीत हवा, आत बसलेला नको. बोटाने दाबल्यावर खळगा राहिला तर सोडून द्या. बांगडा हातात आडवा धरला की ताजा असल्यास ताठ राहतो. कोळंबीचं डोकं काळवंडलेलं नको, आणि तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) टपली मारल्यावर मिटल्या पाहिजेत. ज्या उघड्याच राहतात त्या मेलेल्या असतात, त्या खाऊ नयेत.

तिथून जवळच रत्नदुर्ग. लोक त्याला भगवती किल्ला म्हणतात. घोड्याच्या नालाच्या आकाराचा, तीन बाजूंनी समुद्र. 1670 मध्ये शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला. वाहन जवळजवळ दारापर्यंत जातं, चढण थोडीच आहे. बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ आहे, आधी दर्शन घ्या आणि मग तटावरून पूर्ण फेरी मारा. एक तास पुरतो. तटावरून मिरकरवाड्याच्या होड्या वरून दिसतात, तेव्हा सकाळी जिथे फिरलात त्या बंदराचा आकार कळतो. शेजारच्या वेगळ्या टेकडीवर दीपगृह आहे. ते पाहुण्यांसाठी दुपारनंतर थोडाच वेळ उघडतं, म्हणून सकाळी ते बंद दिसलं तर नवल नाही. पायथ्याला भागेश्वराचं देऊळ आहे, त्याचं लाकूडकाम थांबून पाहण्यासारखं आहे.

किल्ल्यावर नऊच्या आत असावं. दहानंतर कातळ तापतो आणि तटावर सावली नाही.

पहिला दिवस, ऊन चढल्यावर: छपराखालची ठिकाणं

टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे. 23 जुलै 1856 रोजी बाळ गंगाधर टिळक इथे जन्मले. कौलारू, जांभ्या दगडाचं जुनं घर, ओटी, माजघर, अंगण. जन्मखोलीसमोर फोटो काढून निघून जाऊ नका. पावसाच्या प्रदेशातलं घर कसं बांधत, छप्पर किती खाली उतरवत, आत उजेड कुठून घेत, ते या घरात स्पष्ट दिसतं. आत गेल्यावर बाहेरच्या उन्हाचा विसर पडतो.

पतितपावन मंदिर तिथून फार लांब नाही. 1924 ते 1937 या काळात सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांच्या प्रेरणेने भागोजीशेठ कीर यांनी हे मंदिर बांधलं आणि 1931 मध्ये ते सर्व जातींच्या हिंदूंना खुलं झालं. ज्या काळात देवळाच्या पायरीवरही अनेकांना मज्जाव होता, त्या काळातली ही गोष्ट आहे. भागोजीशेठ स्वतः भंडारी समाजातले. मंदिर दहा मिनिटांत पाहून होतं, पण त्याचा इतिहास आधी वाचून जा.

मग थिबा राजवाडा. इथे दीड तास ठेवा. 1885 मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशची राजधानी मंडाले घेतली आणि थिबा राजाला कुटुंबासह देशाबाहेर काढलं. आधी मद्रास, मग 1886 मध्ये रत्नागिरी. हा वाडा 1910 च्या सुमारास बांधून झाला, म्हणजे राजाला तो जेमतेम सहा वर्षं लाभला. डिसेंबर 1916 मध्ये तो इथेच वारला. उतरती छपरं आणि अर्धवर्तुळाकार कोरीव लाकडी खिडक्या बाहेरून पाहा, मग वर संगमरवरी फरशीचा दिवाणखाना. आत आता पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे आणि ते सोमवारी बंद असतं. सोमवारी येणार असाल तर पहिला आणि दुसरा दिवस उलटापालटा करा. मोठ्या सरकारी सुट्टीच्या दिवशीही आधी फोनवर खात्री करून घ्या.

थिबाची समाधी वाड्यात नाही, शिवाजीनगरच्या भागात वेगळी आहे, हे अनेकांना माहीत नसतं. राजाची आणि धाकट्या राणीची अशा दोन समाध्या शेजारी आहेत. 2012 च्या डिसेंबरात म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले. रिक्षावाल्याला नुसतं ‘थिबा’ म्हटलंत तर तो वाड्यावर किंवा थिबा पॉइंटवर नेईल, म्हणून ‘थिबाची समाधी’ असं पूर्ण सांगा.

मुलं बरोबर असतील तर झाडगावचं सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय घ्या. जिवंत मासे, कासवं आणि देवमाशाचा सांगाडा. सकाळी टोपलीत पाहिलेले मासे इथे पोहताना दिसतात, म्हणून हे ठिकाण मिरकरवाड्यानंतरच पाहावं.

दुपारचं जेवण: काय मागवायचं

साडेबाराला जेवायला बसा. दीडनंतर चांगल्या खाणावळींत ताजा मासा संपतो आणि उरलेल्यावर भागवावं लागतं. स्थानिक माणसं बुधवार, शुक्रवार, रविवारी जास्त मासे खातात. सोमवार, गुरुवार आणि संकष्टीला खप कमी असतो, म्हणून त्या दिवशी काय ताजं आहे ते आवर्जून विचारा.

नवखा माणूस सुरमई किंवा पापलेटची थाळी मागवतो आणि बिल पाहून दचकतो. मासा आकारावर विकला जातो, त्यामुळे तळलेल्या तुकडीचा भाव रोज बदलतो. मागवण्यापूर्वी विचारणं यात संकोच नको. आमच्या मते पहिल्या जेवणाला बांगडा घ्यावा. स्वस्त, चविष्ट, आणि इथला रोजचा मासा. अर्धा रव्यात तळलेला आणि अर्ध्याचं तिखलं, म्हणजे दाट तिखट कालवण. तिखल्यात तिरफळं असतात. त्यांचा वास घ्यायचा, दाताखाली चावायची नाहीत, ताटाच्या कडेला काढून ठेवायची. चावलीत तर जिभेला मुंग्या येतात. बोंबील ताजे असतील तर कुरकुरीत तळून. तिसऱ्यांचं सुकं मिळालं तर सोडू नका, मात्र वाळूचा कण लागला तर ते नीट धुतलेलं नाही.

भाकरी तांदळाची मागवा, चपाती नको. रश्शात चपाती लगेच लोळागोळा होते. भाकरी मऊ राहते आणि तिखट सोसते.

सोलकढी शेवटी घ्यायची, भाताबरोबर आणि वाटीने. सुरुवातीला पेलाभर पिऊन पोट भरू नका. चांगली सोलकढी फिकट गुलाबी असते, तिला नारळाच्या दुधाचा दाटपणा असतो आणि तासाभरात वर साय धरल्यासारखा थर येतो. भडक राणी रंगाची आणि पाण्यासारखी पातळ असेल तर नारळ कमी, रंग जास्त.

घरी करायची असेल तर चार माणसांसाठी एक मध्यम नारळ, आठ-दहा आमसुलं, लसणाच्या दोन पाकळ्या, एक हिरवी मिरची, मीठ. आमसुलं एक वाटी पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करून गाळा. खोवलेला नारळ, लसूण, मिरची कोमट पाणी घालून वाटा आणि फडक्यातून दूध पिळून काढा. दुसऱ्यांदा पाणी घालून पुन्हा पिळा. कोकमाचं पाणी दुधात थोडं थोडं घाला, चव पाहत. एकदम ओतलंत तर फाटतं. कढवायची तर मुळीच नाही. तयार कढी दोन-तीन तासांत संपवा, नंतर नारळाचं दूध आंबूस लागतं.

शाकाहारी माणसाला कोकणात काही मिळत नाही हा समज खोटा आहे. फेब्रुवारी ते एप्रिल ओल्या काजूगरांची उसळ मिळते. ती वर्षातली सगळ्यांत महागडी भाजी असेल, पण एकदा खावीच. गर हाताने सोलावे लागतात आणि सालीतल्या तेलाने बोटं भाजतात, त्या कष्टाचा हा भाव आहे. इतर वेळी वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं, कोवळ्या फणसाची म्हणजे कुयरीची भाजी. न्याहारीला घावणे, आणि बरोबर नारळाच्या दुधात गूळ घालून केलेला रस. दडपे पोहे कुठे मिळाले तर ते करताच खायचे. अर्ध्या तासाने पातळ पोहे गिळगिळीत होतात.

उकडीचे मोदक ऐनवेळी मिळतील असं धरून चालू नका. मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या रात्री सांगून ठेवा. गरम असताना फोडून वर तूप. थंड झालेल्या मोदकाची पारी चिवट होते.

पहिला दिवस, संध्याकाळ: दोन रंगांची वाळू

चारच्या पुढे भाट्येला जा. काजळी नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की सुरूचं बन आणि दीड किलोमीटरचा सपाट किनारा. वाळू फिकट, चालायला घट्ट. टोकाला झरी विनायकाचं देऊळ आहे, तिथपर्यंत चालत जाऊन यावं. वाटेत नारळ संशोधन केंद्र लागतं. बागेची हौस असेल तर रोपांची चौकशी तिथे करा, पण कार्यालयाच्या वेळेत.

सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी खाडी ओलांडून मांडवीला या. इथली वाळू काळी, कारण तिच्यात इल्मेनाइट नावाचं जड, टायटॅनियम असलेलं खनिज आहे. ओंजळीत घ्या, साध्या वाळूपेक्षा जड लागते. लोहचुंबक असेल तर काही कण चिकटतातही. दुपारी हीच वाळू तापून पाय पोळते, म्हणून मांडवी नेहमी संध्याकाळी. जेट्टीवर गाव फिरायला आलेलं असतं. भेळ खायची, दगडी कठड्यावर बसायचं. पोहायला ही जागा नाही: खाडीचं तोंड जवळ आहे आणि ओहोटीला प्रवाह जोराचा असतो.

मांडवीला गर्दी वाटली तर थिबा पॉइंट. तिथून खाडी, पूल, भाट्ये आणि समुद्र एकाच नजरेत येतात.

दुसरा दिवस: आरे-वारेवरून पुळं

पुळ्याला जायचे दोन रस्ते आहेत. निवळीवरून जाणारा आतला आणि लांबचा. आरे-वारे मार्ग समुद्राच्या कडेने, सुमारे 25 किलोमीटर. एसटीने जाताना गाडी कुठल्या मार्गाने जाते ते कंडक्टरला विचारूनच चढा, नाहीतर समुद्र न पाहता पोहोचाल.

सातला निघा. आरे-वारेचा देखावा घाटाच्या वरच्या वळणावरून सर्वांत चांगला दिसतो. सकाळी ऊन पाठीशी असतं, पाण्याचा निळा रंग उठून दिसतो. संध्याकाळी सूर्य समोर येतो आणि फोटो काळे पडतात. गाडी वळणावर उभी करू नका, पुढे मोकळी जागा मिळते. खाली किनाऱ्यावर जा, पाय भिजवा, पण आत शिरू नका. उतार एकदम खोल जातो.

पुळ्याला पोचल्यावर दर्शनानंतर प्रदक्षिणा चुकवू नका. इथे डोंगरच देव मानतात, म्हणून प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला, सुमारे एक किलोमीटर. सकाळी अनवाणी चालता येतं, अकरानंतर फरशी पोळते. संकष्टी, अंगारकी आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा सोडून आलात तर रांग फार नसते.

दोनेक किलोमीटरवर मालगुंड, केशवसुतांचं जन्मगाव. घर आणि स्मारक जपलेलं आहे. आधुनिक मराठी कविता जिथून सुरू झाली असं आपण म्हणतो, त्या कवीचं घर वाटेवर असताना गाडी पुढे हाकू नये. शांत, सावलीची जागा आहे आणि पुळ्याची गर्दी इथे येत नाही.

वेळ उरला तर दोनपैकी एकच निवडा. जयगडला किल्ला, दीपगृह आणि समुद्राला लागून असलेलं कऱ्हाटेश्वराचं देऊळ आहे. तिथून फेरीबोटीने गाडीसह तवसाळला उतरून गुहागरकडे जाता येतं. दुसरा पर्याय उक्षीचं कातळशिल्प: सड्यावर कोरलेला हत्ती, भोवती पाहायला कठडा. कोकणातली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ती सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात पाहायची, तेव्हा रेषांत सावली बसते. भर दुपारी समोर असूनही दिसत नाहीत. रेषांवर पाय देऊ नका आणि खडूने गिरवू तर अजिबात नका.

शांत जागा आवडणाऱ्यांनी पुळ्याऐवजी दक्षिणेला पावस घ्यावं. सुमारे 20 किलोमीटरवर स्वामी स्वरूपानंदांचं समाधीमंदिर आहे, दुपारी प्रसाद असतो. पुढे गणेशगुळ्याचा किनारा बराच मोकळा मिळतो.

हापूस घेताना

2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात रत्नागिरीसह सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे जिल्हे आहेत. तरीही पेटीवर रत्नागिरी छापलं म्हणून आत तोच आंबा असेल असं नाही. परराज्यातला दिसायला सारखा आंबा त्याच खोक्यात भरला जातो. म्हणून रस्त्याकडेच्या ढिगाऱ्यापेक्षा बागायतदाराकडून घ्या. मुक्कामाच्या घरमालकाला विचारलंत तर दोन-तीन बागा तो सांगतोच.

तपासायचं असं. आंबा देठाजवळ हुंगा. पिकायला लागलेल्या हापूसचा वास खोलीभर जातो. पिवळाधमक आहे पण वास नाही, तर तो रसायनाने पिकवलेला. सगळे आंबे एकाच छटेचे असतील तरी संशय घ्या, कारण आढीतले (पेंढ्यात पिकायला ठेवलेले) आंबे कधीच एका दिवशी एकसारखे पिकत नाहीत. हापूसची साल पातळ, देठाचे खांदे भरलेले, आणि कापल्यावर गर केशरी, रेषा जवळजवळ नाहीत. वजन साधारण 200 ते 300 ग्रॅम. फार मोठ्या फळाच्या मागे लागू नका.

साका हा हापूसचा मोठा दोष: आत पांढरट, स्पंजासारखा आंबट भाग. बाहेरून तो दिसत नाही, बागायतदारालाही नाही. म्हणून डझनात एखादं फळ तसं निघालं तर फसवणूक झाली असं समजू नका. चार-पाच निघाले तर मात्र सांगा.

लांब न्यायचे तर हिरवे पण तयार, म्हणजे पूर्ण वाढलेले आंबे घ्या. घरी भाताच्या पेंढ्यात, देठ वर, दोनपेक्षा जास्त थर नकोत. रोज एकदा पाहायचे आणि पिकलेले वेगळे काढायचे, एक नासला की शेजारचे घेऊन जातो. आठ-दहा दिवस लागतात. कच्चे आंबे फ्रिजमध्ये ठेवले तर ते पिकत नाहीत, नुसते सुरकुततात. खाण्याआधी अर्धा तास पाण्यात ठेवा, देठ काढून पहिला चीक पिळून टाका. तोंड येतं ते बहुधा या चिकानेच.

पिशवीत काय न्यायचं

राम आळीच्या बाजारात सगळं मिळतं. आंबापोळी वाकवून पाहा, मोडली तर जुनी. रंग मधासारखा गडद हवा. चकचकीत केशरी असेल तर रंग घातलेला. फणसपोळी बरक्या (मऊ गऱ्यांच्या) फणसाची, तळलेले गरे काप्या (घट्ट गऱ्यांच्या) फणसाचे. गऱ्यांचं पाकीट घेण्यापूर्वी एक तुकडा मागून खा, खवट तेल लगेच कळतं. काजू सालीसकट भाजलेले घ्या. दाणा लहान असतो, पण चव जास्त.

कोकमात तीन वस्तू आहेत आणि नवे लोक त्या एकमेकींच्या जागी घेतात. आमसूल म्हणजे सुकवलेली साल, आमटीसाठी आणि भिजवून सोलकढीसाठीही. ती मऊ आणि काळपट हवी. ओलसर आणि मिठाने पांढरी झालेली असेल तर तुम्ही मिठाचे पैसे देताय. आगळ म्हणजे मीठ घातलेला रस, सोलकढीसाठी. त्याचं सरबत केलंत तर खारट होणारच. सरबताला साखरेचं कोकम सिरप लागतं, एक भाग सिरप, चार-पाच भाग पाणी, चिमूटभर मीठ आणि जिरेपूड. आगळाच्या बाटलीचं झाकण प्रवासात हमखास पाझरतं आणि कपड्यांवरचा डाग निघत नाही. झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा घालून घट्ट फिरवा, बाटली वेगळ्या पिशवीत बांधा आणि गाडीत उभीच ठेवा.